क्वीन लावलं की मांजर घमेलं सोडून दिवाणामागे शू करते

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्या घरचं दुखणं हेच की वेगळं, ते चटकन कळेल.

ठमी ही आमची तिरंगी मांजर. वय साडेचार, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेलं, खाणंपिणं उत्तम. रविवारी सकाळी नऊला मी हॉलमधला अ‍ॅम्प्लिफायर चालू करतो आणि क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा एखादा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. आठवड्यात माझा असा हा एवढाच वेळ. गेल्या जूनपासून असं व्हायला लागलं, की अ‍ॅम्प चालू झाला की ठमी उठून स्वयंपाकघरात जायची. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ लागलं की तिसऱ्या मिनिटानंतर बाणासारखी परत यायची आणि माझी पोटरी चावायची. मग सगळं आटोपल्यावर, अर्ध्या-पाऊण तासात, दिवाणाच्या मागच्या कोपऱ्यात शू. घमेलं सहा फुटांवर, वाळू ताजी, तरी दिवाणामागेच.

११ रविवारांत ९ वेळा हे झालं. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस मात्र घमेल्यात, उकरून, झाकून, अगदी शिस्तीत. आई रोज सकाळी फोनवर अभंग लावते, संध्याकाळी टीव्हीवर मालिकांमधली भांडणं चालतात, त्या कशालाच ठमीची हरकत नव्हती.

घरात निकाल लगेच लागला. आई म्हणाली, “तिला तो आरडाओरडा सोसत नाही, आणि मलाही.” बायको म्हणाली, “या घरात चव असलेलं कुणीतरी आहे म्हणायचं.” आईनं एका रविवारी ठमीवरून मीठमोहऱ्याही उतरवल्या. त्या तडतडल्यावर ठमी कपाटावर जाऊन बसली ती दुपारपर्यंत.

मला हे लागलं. एक तर आम्ही वाईचे. पसरणीचा घाट चढला की पाचगणी, आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी शिकला. १९४६ साली झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी घरातला फारोख बुलसारा बोर्डिंगला इथे आला, आणि इथेच त्यानं मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी बँड काढला. त्यामुळे क्वीन १९७० साली लंडनमध्ये सुरू झाला हे मला मान्य आहे, पण मनातून मी तो घाटावरचाच धरतो. दुसरं म्हणजे हा माणूस मांजरवेडा. १९८५ सालचा ‘मिस्टर बॅड गाय’ हा त्याचा एकट्याचा अल्बम त्यानं जेरी या मांजराला अर्पण केला, बरोबर टॉम, ऑस्कर आणि टिफनी यांचीही नावं घातली. पुढे डिलायला नावाच्या त्याच्या लाडक्या मांजरीवर त्यानं आख्खं गाणं केलं. तीही तिरंगीच. अशा माणसाचं गाणं ऐकून एका तिरंगी मांजरीनं माझा कोपरा भिजवावा, हे मला पटेना.

बरं, गंमत अशी की ‘डिलायला’ गाण्यात फ्रेडीचीही हीच तक्रार आहे. ही बया माझ्या भारी फर्निचरवर मुतते, असं तो लाडानं गाऊन सांगतो. म्हणजे माझी समस्या जुनीच आहे, फक्त माझा दिवाण सागाचाही नाही.

आधी डॉक्टर, मग गाणं

घमेलं सोडून मांजर इतरत्र शू करायला लागली तर पहिली शंका स्वभावावर घ्यायची नाही, मूत्रमार्गावर घ्यायची. जळजळ, खडे, संसर्ग, यांपैकी काहीही असू शकतं. बोका असेल आणि तो वारंवार बसून कुंथतोय पण थेंबच येत नाहीत असं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, “उद्या बघू” म्हणू नका. बोक्याची लघवी अडली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

आणखी एक फरक बघून ठेवा. मांजर उभं राहून, शेपटी ताठ करून थरथरवत, भिंतीवर किंवा स्पीकरच्या अंगावर थोडासा फवारा मारत असेल, तर ती हद्द आखण्याची खूण. हे बोकेच करतात असं नाही, माद्याही करतात. खाली बसून जमिनीवर थारोळं करत असेल तर ती सरळ शू. दोन्हींचे उपाय वेगळे. ठमीचं थारोळं होतं.

डॉक्टरांनी लघवी तपासली, पोट दाबून पाहिलं, सगळं ठीक निघालं. मी मोठ्या उत्साहानं क्वीनचं पुराण सुरू केलं. त्यांनी ते मध्येच तोडून विचारलं, “गाणी तुम्ही किती वर्षं लावताय?”

“ठमी आली तेव्हापासून.”

“मग जूनमध्ये घरात काय बदललं?”

मी ठामपणे म्हणालो, काहीच नाही. या उत्तरापायी मी पुढचे दोन महिने वाया घालवले.

जे करून काही उपयोग झाला नाही

आवाज कमी केला. बँडच्या शांत गाण्यांची वेगळी यादी केली. खिडक्या उघड्या ठेवल्या. ठमीला रविवारी सकाळी बेडरूममध्ये कोंडून पाहिलं, तर तिनं दाराचा रंग खरवडला आणि सुटका झाल्यावर ठरल्या जागी जाऊन काम केलं. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

यातली सगळ्यांत मोठी चूक फिनेलची. कोपरा मी दर वेळी फिनेलनं पुसत होतो, कारण आपल्याकडे जमीन घाण झाली की हात आपोआप त्या बाटलीकडे जातो. मांजराच्या घरात हे करू नका. फिनॉलसारखी रसायनं शरीराबाहेर टाकायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतं आणि मग तेच पंजे चाटतं. शिवाय फिनेलनं वास फक्त आपल्या नाकापुरता झाकला जातो. मांजराच्या नाकाला खाली शूचा पत्ता शाबूत असतो. मग ती पुढच्या वेळी त्या पत्त्यावर हजर होते. एन्झाइमवाला क्लीनर मिळतो, तो ओतून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा आणि मग टिपायचा. नेमकी कुठे शू झाली ते अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारून दिसतं, डाग चमकतात. मी टॉर्च मारला तेव्हा दिवाणामागे चांदणं पडलं होतं.

मधल्या काळात भाचीनं एका संशोधनाची बातमी पाठवली. २०१५ साली लिस्बनमध्ये मिगेल कारेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशनसाठी भूल दिलेल्या १२ मांजरींच्या कानांवर हेडफोन ठेवले आणि तीन प्रकारचं संगीत ऐकवलं: सॅम्युएल बार्बरचं एक संथ तंतुवाद्यांचं, नॅटली इम्ब्रुलियाचं एक पॉप गाणं आणि एसी/डीसी या हार्ड रॉक बँडचं ‘थंडरस्ट्रक’. श्वासाची गती आणि डोळ्याची बाहुली मोजली. शास्त्रीय संगीतात मांजरी सर्वांत निवांत, एसी/डीसीला सर्वांत ताणलेल्या. घरात जल्लोष झाला. माझं म्हणणं एवढंच होतं, की एसी/डीसी म्हणजे क्वीन नव्हे, आणि बेशुद्ध मांजर उठून दिवाणामागे जात नाही. ते कुणी ऐकून घेतलं नाही.

मग शेवटी नीट चाचण्या घेतल्या

वहीत एक नियम लिहिला: एका रविवारी एकच गोष्ट बदलायची. हे आधी केलं असतं तर पावसाळा सुखात गेला असता.

पहिल्या रविवारी तोच अल्बम, तीच वेळ, पण सिस्टिम बंद आणि गाणी फोनच्या स्पीकरवर. ठमी सोफ्यावर आडवी झाली. ‘वी विल रॉक यू’मधल्या त्या दोन धपाधप आणि एका टाळीला तिनं एक कान वळवला आणि परत जागेवर आणला. शू घमेल्यात.

दुसऱ्या रविवारी उलट. सिस्टिमवर, नेहमीच्या आवाजात, आईचे भीमसेनांचे अभंग. अ‍ॅम्प लागताच ठमी पसार. मध्ये एकदा परत आली, पखवाजाच्या थापा सुरू असताना घमेल्यापर्यंत गेली, एक पंजा आत ठेवला, लगेच काढला, कान मागे पाडले आणि शेपटी बाटली घासायच्या ब्रशासारखी फुगवून निघून गेली. सव्वादहाला दिवाणामागे थारोळं. आई म्हणाली, “त्यात पंडितजींचा काय दोष?” मी म्हणालो, हेच तर मी चार महिने सांगतोय.

म्हणजे फिर्याद फ्रेडीविरुद्ध नव्हती. घरात मोठ्या सिस्टिमवर फक्त मीच ऐकतो, आणि मी फक्त क्वीन ऐकतो, म्हणून नाव त्याचं झालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली.

पण ठमीनं पंजा घमेल्यात ठेवून काढला, ते माझ्या डोक्यातून जाईना. त्याच दुपारी मी जमिनीवर पालथा पडलो, गाल शहाबादी फरशीला टेकवला आणि बायकोला ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ लावायला सांगितलं. १९८० सालचं हे गाणं बेसिस्ट जॉन डीकनचं, आणि त्यातली बेस गिटारची ती चाल सगळ्यांच्या ओळखीची. चाल सुरू झाली आणि माझ्या डोळ्यांसमोर घमेल्यातली वाळू नाचायला लागली. खरोखर नाचायला लागली, तव्यावर राळे टाकावेत तशी. लोखंडी घमेलं फरशीवर बारीक झिणझिण करत होतं. त्याच्यामागे दीड फुटावर, कोपऱ्यात, माझा सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा मोठा स्पीकर.

घमेलं तिथे आलं कधी? पाऊस लागला तेव्हा. एरवी ते मागच्या पडवीत असतं, पण जूनमध्ये पडवीत झड येते आणि वाळूचा चिखल होतो, म्हणून मीच ते उचलून हॉलच्या कोपऱ्यात, सबवूफरच्या आडोशाला, “हिला जरा खाजगीपणा मिळेल” असं म्हणत ठेवलं होतं. दरवर्षी ठेवतो. फक्त यंदा सबवूफरही तिथे होता, कारण मे महिन्यात बायकोनं शोकेस हलवली होती. डॉक्टरांना मी सांगितलं होतं, काहीच बदललं नाही!

बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ४१ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांचा, स्वर निघतो. मांजराचं ऐकणं साधारण ५० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. म्हणजे तो मूळ स्वर तिच्या कानाला जेमतेमच लागत असणार. पण कंपन तिला पंजातून कळतं, मांजराच्या तळव्यात ते टिपणाऱ्या संवेदना फार तीव्र असतात. ज्या क्षणी प्राणी सर्वांत असहाय असतो, नेमका त्या क्षणी पायाखालची वाळू हलत होती, आणि तेही न्याहारीनंतरच्या तिच्या ठरलेल्या वेळेला. तिनं घमेलं टाळलं यात नवल काय? विसर्जनाच्या मिरवणुकीचा डीजे गल्लीतून गेला तेव्हा ती पलंगाखाली दोन तास बसली होती. माझी ट्यूब तेव्हाच पेटायला हवी होती.

मग ती अ‍ॅम्प लागताच, गाणं सुरू व्हायच्या आधीच का उठते?

हे कोडं घमेल्यानं सुटलं नाही. सबवूफरची वायर काढली तरी बटण दाबलं की बाई निघाल्या. दहा मिनिटांनी परत यायची, पण निघायची हे नक्की. मला वाटलं, बटणाच्या टकटकीवरून पुढचा त्रास ओळखत असेल. म्हणून नुसतं बटण दाबलं, गाणं लावलंच नाही. तरी गेली. अ‍ॅम्प बंद ठेवून फक्त शेजारचं ब्लूटूथ रिसीव्हरचं सॉकेट चालू केलं. गेली! रिसीव्हरचा अडॅप्टर काढून त्याजागी जुन्या फोनचा चार्जर लावला. बसून राहिली, पाय चाटत.

माझा सीडी प्लेयर मे महिन्यात बिघडला, तेव्हा मी ब्लूटूथ रिसीव्हर आणला आणि त्याला रस्त्यावरच्या टपरीतला स्वस्तातला अडॅप्टर लावला. जूनच्या आसपास बदललेली ही तिसरी गोष्ट. असे अडॅप्टर आतली वीज सेकंदाला हजारो वेळा चालूबंद करत चालतात आणि फडतूस बनावटीचे असले की त्यांच्या आतल्या गुंडाळ्या बारीक शिट्टी मारतात. माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं असं पुस्तकात असतं, माझ्या वयाला त्यातलं बरंच गेलेलं आहे. मांजराला ६०,०००च्याही पुढचं ऐकू येतं, उंदरांची बारीक चीची त्याच पट्टीत असते. ती शिट्टी मी ऐकलेली नाही, त्यामुळे हे माझं अनुमानच. पण अडॅप्टर तीनदा बदलून तीनदा परत लावला आणि तिन्ही वेळा ठमीनं तोच निकाल दिला. माझ्या कानापेक्षा तिच्यावर माझा भरवसा जास्त आहे.

यातून एक विचार मात्र मनात राहिला. सीडीवर २२,००० हर्ट्झच्या वरचं काही साठवताच येत नाही. ठमीच्या कानाच्या वरच्या मजल्यांवर आपलं कुठलंच संगीत कधी पोचत नाही, तिथे तिला फक्त आपल्या वस्तूंची किरकिर ऐकू येते. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे, त्यानं वडिलांबरोबर घरात बनवलेली गिटार, जुन्या शेकोटीच्या लाकडाची, तिचा एवढा नावाजलेला आवाज, तो तिला कसा लागत असेल?

आणि पोटरी?

हे लाजिरवाणं आहे, थोडक्यात सांगतो. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९७५ सालचं, ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. तीन मिनिटांनंतर त्यात ऑपेराचा भाग येतो आणि ड्रमर रॉजर टेलरचा तो गगनभेदी स्वर येतो. तिथे मीही गातो. एका रविवारी तोंडात सुपारी धरून गप्प बसलो. ठमी आली नाही. पुढच्या वेळी गाणं न लावता नुसताच गायलो. तिनं येऊन चावा घेतला. ही समस्या बंद.

उपाय, जो टिकला

घमेलं मोरीबाहेरच्या बोळात हलवलं, जिथे कुणी जातयेत नाही आणि कुठलंही यंत्र नाही. वॉशिंग मशीनशेजारी, फ्रिजमागे, इन्व्हर्टरजवळ ठेवलेल्या ट्रेचंही दुखणं हेच असतं, त्यामुळे तुमच्या घरी बँड नसला तरी ते तपासा. लोखंडी घमेल्याऐवजी प्लास्टिकचा पसरट टब घेतला, झिणझिण बंद. आणखी एक टब पडवीच्या दाराशी ठेवला. मांजरं जितकी, त्यापेक्षा एक ट्रे जास्त, हा डॉक्टरांचा हिशेब.

सबवूफर कोपऱ्यातून काढला. कोपऱ्यात ठेवला की बेस फुगतो, हे ऐकणाऱ्यालाही वाईटच. खाली काथ्याच्या पायपुसण्याची दुहेरी घडी आणि तिच्यावर रबराचे तुकडे घातले. वाळूची वाटी फरशीवर ठेवून पाहिलं, आता नाचत नाही. ही वाटीची तपासणी फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते, सगळ्यात आधी हीच करा.

दिवाणामागचा कोपरा एन्झाइमनं दोनदा धुतला आणि तिथे आठ दिवस ठमीची खाण्याची ताटली ठेवली. मांजर शक्यतो जेवायच्या जागी शू करत नाही. बायकोला हे आवडलं नाही, पण तिलाही फरक दिसला.

मग सवय लावणं. गाणं इतक्या बारीक आवाजात लावायचं, की तिचे कान सुद्धा वळू नयेत, आणि त्याच वेळी समोर चिमूटभर सुकट. दोन-तीन दिवसांनी आवाज किंचित वाढवायचा. कान मागे गेले, शेपटी आपटायला लागली, की आपण घाई केली, परत मागच्या आकड्यावर यायचं. आम्हाला साधारण तीन आठवडे लागले. या काळात तिची पळायची वाट मोकळी ठेवा, उंचावरची एक जागा हॉलमध्येच असू द्या. ठमीला पुस्तकांच्या फडताळाचा वरचा खण दिला, तिथून ती खालच्या कार्यक्रमावर देखरेख करते. या उपायांनंतरच्या १४ रविवारांत दिवाणामागे एकदाही नाही.

एक वेगळी गोष्ट याच्याशी गल्लत करू नका. मांजर म्हातारं असेल, दहा-पंधराच्या पुढचं, आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलची चुरचुर, वाटीवर चमचा आपटल्याचा आवाज, अशा बारीक तीक्ष्ण आवाजाला त्याचं अंग झटके देत असेल किंवा फीट येत असेल, तर ते नावड नव्हे, आजार आहे. आवाजानं येणाऱ्या अशा फिट्सवर २०१५ साली ब्रिटनमधल्या पशुवैद्यांनी सविस्तर लिहिलं आणि त्यावर औषधंही आहेत. फोनवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा, चाचण्या घेत बसू नका. आणि मांजर पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं असून कशालाच दाद देत नसेल, तर त्याला बहुधा ऐकूच येत नाही. अशा मांजरांत बहिरेपण बरंच आढळतं.

तिचं खरं मत

एवढं सगळं वगळल्यावर संगीताबद्दल म्हणून काही उरलं का, हे बघायचं होतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या चार्ल्स स्नोडन यांनी चेलोवादक डेव्हिड टी यांच्याबरोबर खास मांजरांसाठी संगीत रचून ४७ मांजरांना ऐकवलं होतं. घुरघुरीच्या आणि दूध पिण्याच्या लयीतलं, घसरत जाणाऱ्या स्वरांचं. मांजरं त्या स्पीकरला येऊन अंग घासत होती, बाख आणि फोरे या संगीतकारांच्या माणसांसाठीच्या रचनांना मात्र त्यांनी फारसा भाव दिला नाही. तसं संगीत मी ठमीला ऐकवलं. तिनं जांभई दिली. त्या प्रयोगात तरुण आणि म्हातारी मांजरं जास्त प्रतिसाद देत होती, मधल्या वयाची कमी. ठमी सध्या मधलीच.

मग ‘डिलायला’ लावलं, १९९१ सालच्या ‘इन्युएंडो’ अल्बममधलं. त्यात ब्रायन मेनं टॉकबॉक्स लावून, म्हणजे गिटारचा आवाज नळीतून तोंडात घेऊन, म्याव काढलेलं आहे. पहिलं म्याव आलं आणि फडताळावरची ठमी उठून उभी राहिली. खाली उडी, सरळ स्पीकरपाशी, जाळीला नाक. मग स्पीकरच्या मागे गेली, तिथे कुणी नाही हे पाहिलं, परत पुढे आली, आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी जागच्या जागी शरमलो. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा फक्त मान वर केली. त्यानंतर नाही.

शिल्लक समस्या, कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा

आता ठमीला रविवार आवडतो. इतका, की अ‍ॅम्प चालू झाला की ती फडताळावरून उतरून त्याच्या पाठीवर झोपते, कारण तो वीस मिनिटांत छान ऊबदार होतो. वरच्या जाळीची सगळी भोकं पोटाखाली. आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला बंद पडतो. ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ ४३ मिनिटांचा आहे आणि ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ त्यात शेवटून दुसरं. गेल्या तिन्ही वेळा अ‍ॅम्प त्याच गाण्यात गेला, मी श्वास भरून तोंड उघडायच्या बेतात असतानाच. जाळीवर उलटी चाळण ठेवून पाहिली, ती चाळणीत झोपली. शेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवली, तिच्यावर आई बसली. केस काढायला दर पंधरवड्याला ब्रश मारतोय, पण ते काही खरं नाही.